धक्क्यावर टांगलेलं चाक

या, बसा. त्या उलट्या बादलीवर नको, ती चहावाल्या मावशीची आहे आणि तिच्यावर कुणी बसलेलं तिला खपत नाही. इथं दगडावर टेका. लाँच समोरच्या काठाला गेलीय, यायला अजून अर्धा तास लागेल. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे. थोडं तिखटमीठ लागेल तिला, पण मीठ इथं हवेतच असतं, मित्रांनो, त्याला माझा इलाज नाही.

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. म्हणजे, होतो. आता माझे दोन भाग झालेत. धड ते तिकडं, धक्क्याच्या कडेला सिमेंटमध्ये रोवलंय. त्याला लाँचचा दोर बांधतात. आणि हे तुमच्या डोक्यावर लोखंडी चाक टांगलंय ना, दोन माणसांनी मिळून उचलावं असं, तेही मीच. घाबरू नका, पडत नाही. मिस्त्रीनं टांगलंय. मिस्त्रीनं नट आवळला की तो सोडवायला परत मिस्त्रीच लागतो, आणि कधी कधी तोही हात टेकतो.

माझा जन्म कारखान्यातला. लाल लाल लोखंड साच्यात ओतलं, थंड झालो, कानशीनं घासलं, रंग लावला. मला पहिल्यांदा ज्यानं सुरू केलं तो माणूस कानात कापूस घालून काम करायचा. दिवसभर इंजिनंच ऐकायची, करणार काय बिचारा. पण माझ्या वेळी त्यानं कापूस काढला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "याचा आवाज चांगला आहे." बस्स. तेवढं एक कौतुक मी चाळीस वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

तिथून मी आलो या खाडीवर. लाँच केवढी? पुढच्या टोकाला कुणी शिंकलं की मागच्या टोकाचा माणूस रुमाल काढतो, एवढी. पण तिच्या नावाड्याला सगळे कप्तान म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं, मग खरोखरच. तेव्हा त्याला नुकती मिशी फुटली होती. त्यानं मला पोटात घेतलं, हँडल मारलं, मी धडधडायला लागलो, तसा त्यानं माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात ना, तसा. पुढं रोज तसाच ठेवायचा. तेल कमी आहे, पाणी तापलंय, पंख्यात गवत अडकलंय, सगळं त्याला हाताला कळायचं. कानाला कळायचं बंद झालं, कारण कान मीच खाल्ले त्याचे. वर्षानुवर्षं माझ्या शेजारी उभा राहून तो अर्धा बहिरा झाला. बोलायचा तर असा मोठ्यानं, की "चहा दे" म्हटलं तरी मावशीला वाटायचं भांडायला आलाय.

आता एक गमतीची गोष्ट ऐका. या धक्क्यावर वेळापत्रक नव्हतं. एक पाटी होती म्हणे, तिचा रंग उडाला आणि परत कुणी लावला नाही, कारण वेळापत्रक मीच होतो. समोरच्या काठाहून मी निघालो की माझी धडधड पाण्यावरून इथवर यायची. ती ऐकली की मावशी दूध चुलीवर चढवायची, आणि दूध वर आलं की मी धक्क्याला लागलेला असायचो. न्हावी शेवटचा वस्तरा ओढायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "पळ, दुसरा गाल आल्यावर करू." दवाखान्याची नर्सबाई आपली लशीची पेटी उचलायची. पाण्याकडं कुणी बघायचंच नाही. गरजच काय? मी होतो ना.

असा माझा थाट. लोक म्हणायचे, काय इंजिन आहे, दगडासारखं. मी फुगायचो. फुगलो की धूर जास्त सोडायचो. त्या धुरानं मावशीची किटली काळी, तिची दोरीवरची ओढणी काळी, आणि पाण्यावर माझ्या तेलाचा सप्तरंगी तवंग. मला तर तो तवंग फार आवडायचा. वाटायचं, बघा, आपण जाऊ तिथं रंग उधळतो!

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. एकदम नाही, मित्रांनो. एकदम बिनसलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं.

उन्हाळे लांबले. लाँचचा पत्रा असा तापायचा की वर चुकून बसलेला बगळा एक पाय भाजला म्हणून दुसऱ्यावर उभा राहायचा आणि दुसराही भाजायचा. शेवटी कप्ताननं दुपारचे दोन तास लाँच समोरच्या काठाला झाडाखाली बांधून ठेवायला सुरुवात केली. जाळी टाकणारे म्हणायला लागले, मासे थंड पाणी शोधत खोल गेले, आमच्या जाळ्यात आता नुसती शेवाळ येते. ज्या महिन्यात कधी वारा नाही त्या महिन्यात वादळं यायला लागली. आणि ह्या पायऱ्या. बघा ह्या, बुटक्या, अर्ध्या वितीच्या. मी आलो तेव्हा मोठ्या भरतीला नऊ पायऱ्या कोरड्या राहायच्या. मग आठ. मग आठवीवर लाटेचं पाणी चाटायला लागलं, आणि एके वर्षी ती गेलीच.

कप्तानचं म्हणणं एकच, "धक्का खचतोय."

त्याची पोरगी ते ऐकून कपाळाला हात लावायची. ही पोरगी बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात विजेचं काम करते. सगळे तिला वायरमन म्हणतात. नाकात बोलणारी, हातात कायम टेस्टर, आणि बापाइतकीच हट्टी.

"बाबा, धक्का खचला तर त्याच्यावरची मावशीची टपरी का नाही खचली?"

"टपरी हलकी आहे."

"आणि समोरच्या काठाचा धक्का? तोही खचला? त्याच मापानं?"

"दोन्ही एकाच गवंड्यानं बांधलेत," कप्तान गरजला. "चोर होता तो!"

मावशी टपरीतून म्हणाली, "मेला बिचारा तीस वर्षांपूर्वी. आता तरी सोड त्याला."

मग वायरमननं बापाला समजावलं. पाणी तापलं की फुगतं, समुद्र पण तसाच फुगतो. डोंगरावरचा, पृथ्वीच्या दोन टोकांकडचा जुना बर्फ वितळून त्यातच येतो. आणि हे सगळं तापतंय कशानं, तर जमिनीखालचा कोळसा न् तेल काढून आपण इतकी वर्षं जाळत बसलोय, त्याच्या धुराचं पांघरूण झालंय सगळ्या पृथ्वीवर. हे सगळं ती लाँचमध्येच बसून सांगत होती, माझ्याकडं बोट दाखवून. मी तेव्हा बंद होतो म्हणून मला ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तवंगाची लाज वाटली.

कप्तान म्हणाला, "माझ्या एकट्याच्या इंजिनानं समुद्र वर आला होय?"

"एकट्याच्या नाही. पण अशी किती इंजिनं असतील जगात?"

"मग आधी त्यांना सांग. मी सगळ्यांत शेवटी."

"सगळे हेच म्हणतात बाबा," पोरगी हसली. "ह्या एका रांगेत शेवटी उभं राहायला अख्खी दुनिया तयार आहे."

कप्ताननं ऐकू आलं नाही असं दाखवलं. ही एक सोय असते बहिऱ्या माणसाला.

गोष्ट तिथंच थांबली असती. पण एका सकाळी भर खाडीत माझ्या छातीत कड्कन आवाज झाला आणि मी बसलो. मिस्त्री आला, मला उघडलं, आत डोकं घातलं, बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाला, "मेलेला नाही. पण पार्ट लागेल, आणि हा पार्ट आता कुणी बनवत नाही. कुठून जुना मिळवायचा म्हटलं तर महिना जाईल."

वायरमन जणू याचीच वाट बघत होती. म्हणाली, "बाबा, हा एक महिना मला द्या. मोटर बसवते, बॅटऱ्या ठेवते, छपरावर सोलरचे पत्रे टाकते. महिन्यानं पार्ट आला की तुम्ही सांगा. माणसं पूर्वीइतकी बसत असतील तर मोटर राहील. नाहीतर इंजिन परत बसवते. माझ्या हातानं."

"तुझ्या हातानं?"

"माझ्या हातानं."

झालं. मला चार माणसांनी उचलून धक्क्यावर ठेवलं, अंगावर ताडपत्री टाकली. आणि माझ्या जागी काय आलं? मावशीच्या बिस्किटाच्या डब्याएवढी एक मोटर! मी ताडपत्रीच्या भोकातून बघितलं आणि मनात म्हटलं, हे बाळ लाँच ओढणार? हे तर लिंबू पिळायचं यंत्र दिसतंय.

पहिल्या दिवशी कप्ताननं बटण दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. आवाज नाही. "बिघडली!" म्हणून तो पोरीला हाक मारायला वळला, तोवर लाँच निघून धक्क्यापासून वीस हात लांब गेली होती, आणि दोर सोडायचाच राहिला होता! दोर ताणला, लाँच झोका घेऊन मागं आली, कप्तान केळ्यांच्या टोपलीत बसला. मी इतका हसलो की माझ्या टाकीत उरलेलं डिझेल डुचमळलं.

आणि दुसरी मजा. चाळीस वर्षं या लाँचमध्ये लोक माझ्यावरून ओरडून बोलायचे, आणि शेजारच्यालाच काय ते ऐकू जायचं. सवय कशी जाणार? त्या दिवशी न्हाव्याची बायको मैत्रिणीला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होती, "सासूबाईंना सांगू नकोस हं, पण ती नवी छत्री मीच हरवली!" आणि सासूबाई समोरच्याच फळीवर बसलेल्या. सबंध लाँचच्या माना तिकडं वळल्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नाही सांगत कुणी." आठ दिवस ही गोष्ट दोन्ही काठांना पुरली.

पण मित्रांनो, आठ दिवसांनी नवलाई संपली आणि माणसं कमी व्हायला लागली.

मी इथं बसून सगळं बघत होतो. लाँच यायची, पाण्यावरून बदकासारखी, आवाज नाही काही नाही. कप्तान दोर बांधायचा, थोडं थांबायचा. धक्क्यावर चार माणसं. कधी दोन. चेहरा पाडून दोर सोडायचा आणि निघायचा. मग मागाहून लोक टपरीतून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "अजून लाँच आली कशी नाही? हल्ली कप्तान आळशी झालाय." तिकडं कप्तान म्हणायचा, "लोकांनी पाठ फिरवली. त्यांना हे विजेचं नकोच आहे." दोन्हीकडचे रुसून बसले. कुणाला काही उमगेना. धडधड ऐकू आली की उठायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. धडधडच नाही तर उठणार कोण? मावशी दूधसुद्धा चढवेना.

मला मात्र उमगलं होतं. खोटं कशाला बोलू, मी खूश होतो. म्हटलं, चला, आपल्यावाचून अडतंय. महिना भरला की आपण परत पोटात.

महिना संपायच्या दिवशी सकाळी पार्ट आला. मिस्त्रीनं ताडपत्री काढली, चाक सोडवून चेनपुलीला टांगलं, पुसायला घेतलं. तेवढ्यात नर्सबाई आली. आठवड्यातून एकदा ती लशीची पेटी घेऊन समोर जाते. तिकडं लांबलांबच्या वस्त्यांवरून बाया तान्ही पोरं कडेवर घेऊन, ऊन डोक्यावर घेऊन चालत येतात. पेटीत बर्फ असतो. त्या दिवशी ऊन असं होतं की मावशीच्या टपरीचा पत्रा आपोआप टकटक वाजत होता.

नर्सबाई टपरीत बसली, पाण्याकडं पाठ करून. मावशीशी गुडघेदुखीवर बोलणं सुरू झालं. लाँच आली. कप्ताननं दोर बांधला, रिकाम्या धक्क्याकडं बघितलं, थांबला, आणि निघाला. दुपारच्या आधीची शेवटची फेरी. आता दोन तास तो समोर झाडाखाली बसणार.

लाँच खाडीत शंभर हात गेल्यावर मावशीनं सहज वर बघितलं.

"अगं बाई! गेली की!"

नर्सबाई पेटी घेऊन धावत पायऱ्यांवर आली. "कप्तान! अहो कप्तान!" मावशी हातातला चमचा हलवत ओरडायला लागली. कप्तानची पाठ. तो काय ऐकतोय!

"फोन लावा त्याला," मिस्त्री म्हणाला.

"फोन घरी खुंटीला असतो," मावशी म्हणाली. "ऐकूच येत नाही तर बरोबर कशाला न्यायचा, म्हणतो!"

"दोन तासांत बर्फाचं पाणी होईल हो," नर्सबाई पेटीवर पदर धरत म्हणाली. "सगळ्या लशी वाया. आणि त्या बाया परत जातील तशाच, उन्हातून. पुन्हा यायच्या नाहीत."

मिस्त्रीला काय सुचलं कोण जाणे. हातात मोठा हातोडा होता, समोर मी टांगलेला. त्यानं ताकद लावून ठेवून दिला.

ठण्ण्ण!

मला स्वतःलाच माझी ओळख पटेना. आयुष्यभर मी धडधडलो, पण असा कधी वाजलो नव्हतो. आवाज पाण्याला चिकटून लांब लांब गेला. मिस्त्रीनं आणखी तीन दिले. ठण्ण! ठण्ण! ठण्ण! सगळे बगळे उडाले.

आणि खाडीच्या मध्यावर कप्ताननं मान वळवली.

लाँच फिरली. धक्क्याला लागली तेव्हा कप्तान सुकाणू सोडायचंसुद्धा विसरला होता. म्हणाला, आणि किती वर्षांनी हळू आवाजात म्हणाला, "मला ऐकू आलं."

"चाळीस वर्षं बोंबलतेय मी इथून!" मावशी उखडली. "कधी एकदा तरी मागं बघितलंस?"

"कधी बोंबललीस?"

"म्हणजे काय! आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी धावत येतं, थांबा थांबा करतं. तू आपला धडधडत पुढं."

नर्सबाई पेटी घेऊन लाँचमध्ये चढली होती. ती म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात मी दोनदा अशीच परत गेले, कप्तान. पन्नास पावलांवरून हाका मारत होते. तुमच्या इंजिनापुढं कुणाचं ऐकू येणार?"

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. माझा आवाज चांगला होता हे खरं. पण त्याच्याखाली किती हाका बुडाल्या, त्या मी कधी ऐकल्याच नाहीत. आणि पायऱ्या चढणारं पाणी? तेही असंच. ते काय ओरडतं? गुपचूप येतं. ते ऐकायचं तर आधी आपण गप्प बसावं लागतं.

संध्याकाळी वायरमन आली, पाने-पकडी घेऊन. चेहरा उतरलेला, पण ताठ उभी. "बोलले होते बाबा. माणसं निम्मी झाली. पार्ट आलाय. मी हरले. बसवते इंजिन, माझ्या हातानं."

कप्तान माझ्याजवळ आला. माझ्या डोक्यावर तळहात ठेवला, नेहमीसारखा. "म्हाताऱ्या," म्हणाला, "तू फार छान बोललास. पण मला दुसऱ्या कुणाचं ऐकू दिलं नाहीस रे." मग पोरीला म्हणाला, "माणसं कमी नव्हती झाली गं. माणसं इथंच होती, मावशीकडं चहा पीत. मोटर राहू दे. आणि मिस्त्री, ते चाक खाली उतरवायचं नाही."

"पार्ट आणलाय त्याचं काय करू?" मिस्त्री वैतागला.

"गळ्यात घाल."

वायरमननं तोंड फिरवलं. डोळ्यांत कचरा गेला म्हणाली. धूर तर महिनाभर नव्हता, कचरा आला कुठून, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी इथं. लाँच समोरून निघाली की मावशीला तिचं छप्पर चमकताना दिसतं, ती उठून मला एक ठोका देते, मग दूध चढवते. तिची किटली आता किटलीच्या रंगाची आहे. न्हावी दोन्ही गाल एकाच बैठकीत करतो. त्या बिस्किटाच्या डब्याची आणि माझी दोस्ती झालीय. तोही काही आभाळातून पडलेला नाही, त्याचा धातूही जमिनीतूनच काढलाय, त्याच्याही बॅटऱ्या एक दिवस थकतील. वायरमन त्यांना रोज हात लावून बघते. बापाचाच गुण.

आणि गवंड्याला कप्ताननं माफ केलं. एके दिवशी रंगाचा डबा घेऊन बसला आणि पायऱ्यांवर आकडे घातले, वरून खाली, एक ते नऊ. मोठ्या भरतीला आता सात कोरड्या राहतात. गेलेल्या दोन परत येणार नाहीत, हे मलाही कळतं. पण सातवी अजून आपली आहे.

ती बघा, मावशी उठली. लाँच निघाली वाटतं. आता मला ठोका बसेल, कान झाका हवं तर.

जाता जाता माझं एक काम करा, मित्रांनो. मोठ्या भरतीच्या वेळी इथून उतराल तेव्हा खाली बघून आकडे मोजा. सात भरले तर काही बोलू नका, गुपचूप लाँचमध्ये बसा, मावशीचा चहा घेतला असेल तर पेला परत ठेवा. पण कधी सहाच दिसले, तर तसेच वर या. हातोडा इथं खुंटीला आहे. लाज धरू नका, लाँच चुकेल म्हणून घाबरू नका. ताकद लावून मला वाजवा, दोन्ही काठांना ऐकू जाईपर्यंत वाजवा.